बदकचोच्या डायनोसॉरची हाडं गोळा करायची असतील तर तयारी कोकणात करा

आपल्या किनाऱ्यावर डायनोसॉरचं हाड मिळेल का, असं शाळेत मुलं मला विचारायची. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात जाऊन खणून आले तेव्हापासून त्यांचे आईबापही विचारू लागलेत. बदकचोच्या डायनोसॉरचं, म्हणजे हॅड्रोसॉरचं हाड कोकणात मिळणार नाही. भारतात या कुळातलं एकही हाड आजवर नोंदलेलं नाही. त्यामुळे हाड हवं तर दूर जावं लागतं. पण डोळा, हात आणि वही या तिन्हींची तयारी आमच्या गुहागर-वेळणेश्वरच्या पट्ट्यात फार चांगली होते, आणि ती करून गेलेला माणूस तिकडे पहिल्या सकाळपासून कामाला येतो. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत आहे, उन्हाळाभर तिकडे राहायचं आहे, नुसतं मॉल बघत बसायचं नाही, अशा घरांसाठी मी हे मुख्यतः लिहिते आहे. भूशास्त्र शिकू पाहणाऱ्या मुलांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

आधी इथला दगड समजून घ्या. वर जांभ्याचा कातळ, खाली काळा बसाल्ट. हा बसाल्ट म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याचे थर, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. मोंटानातल्या ज्या हेल क्रीक खडकात मी हाडं शोधली तो खडकही त्याच सुमाराचा आहे. आपल्याकडे लाव्हा वाहत होता त्या काळात तिकडे एडमॉन्टोसॉरस नावाचे हॅड्रोसॉर नदीकाठच्या सखल रानात चरत होते. ही गोष्ट मी वर्गात सांगायचे तेव्हा मुलं खिडकीबाहेरच्या चिऱ्याच्या गडग्याकडे वेगळ्याच नजरेने बघायची.

तिकडच्या नद्यांनी मेलेल्या जनावरांवर गाळ आणून टाकला, म्हणून हाडं टिकली. इथे लाव्हा, आणि त्यावर कोकणचा पाऊस. पावसाने वरचा दगड झिजून, कुजून त्याचा जांभा झाला. त्यात मुरणारं पाणी आम्लधर्मी असतं, हाड त्यात विरघळून जातं. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कुठे तळं साचलं असेल तर तेवढंच काही उरतं. मुंबईला वरळी आणि मलबार हिलच्या अशाच थरांत चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सापडले. १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं, आणि ‘डायनोसॉर’ हे नाव ज्यांनी दिलं ते हेच ओवेन.

जमीन कुणाची, हे आधी

अमेरिकेत केंद्र सरकारच्या जमिनीवर कणा असलेल्या प्राण्याचं जीवाश्म, मग ते नखाएवढं असो, परवान्याशिवाय उचलता येत नाही. २००९ चा कायदा याबाबत स्पष्ट आहे, आणि परवाना तज्ज्ञ संशोधकांनाच मिळतो. खाजगी जमिनीवर मात्र जीवाश्म जमीनमालकाचं. म्हणून आपल्यासारख्यांना दोन वाटा उरतात. एकतर एखाद्या संग्रहालयाच्या किंवा विद्यापीठाच्या उत्खननात स्वयंसेवक व्हायचं. नाहीतर शेतमालकाने परवानगी दिलेल्या जागी, पैसे भरून, जाणत्या माणसाच्या हाताखाली खणायचं. माझी मुलगी बिलिंग्जला असते. तिथून ईशान्येला जॉर्डन गावाकडे गेलं की हेल क्रीकचे उघडे डोंगर सुरू होतात. त्या भागात खाजगी, राज्याची आणि केंद्राची जमीन एकमेकींत गुंतलेली आहे. कुंपण दिसलं नाही म्हणून हद्द नाही असं समजू नका. नकाशा मागून घ्या आणि फोनमध्ये ठेवा.

कॅनडातल्या अल्बर्टात नियम आणखी वेगळा आहे. जमीनमालकाच्या परवानगीने वर पडलेलं जीवाश्म उचलता येतं, पण त्याची मालकी प्रांताकडेच राहते आणि तुम्ही फक्त राखणदार असता. ते विकता येत नाही, परवानगीशिवाय प्रांताबाहेर नेता येत नाही. खणायला तर परवाना लागतोच. मुलं कॅल्गरीला असतील तर हे लक्षात असू द्या.

काय तुमच्याकडे राहील आणि काय संग्रहालयाला जाईल, हे खणायच्या आधी लेखी ठरवा. मी सगळं तिथेच ठेवून आले आणि मला त्यात काहीच गमावल्यासारखं वाटत नाही. का, ते पुढे सांगते.

हाडाचा ठावठिकाणा

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात हॅडनफिल्ड नावाचं गाव आहे. तिथे १८३८ च्या सुमारास जॉन हॉपकिन्स यांच्या शेतातल्या खाणीत मोठमोठी हाडं निघाली. त्यांनी ती घरात मांडून ठेवली, येणारेजाणारे पाहुणे एकेक घेऊन गेले. वीस वर्षांनी, १८५८ मध्ये, विल्यम फोक यांच्या कानावर ही गोष्ट आली. त्यांनी ती खाण पुन्हा उकरवली. उरलेल्या हाडांवरून जोसेफ लायडी यांनी हॅड्रोसॉरस फोकाय या डायनोसॉरचं वर्णन केलं. १८६८ मध्ये फिलाडेल्फियात तो सांगाडा उभा राहिला. जगात उभा करून दाखवलेला तो पहिला डायनोसॉर. पाहुण्यांनी नेलेली हाडं पुन्हा कधी आली नाहीत. कवटीही मिळाली नाही.

दुसरी गोष्ट मोंटानातलीच. बायनम गावात मॅरियन ब्रँडवोल्ड यांचं दगड-जीवाश्मांचं दुकान होतं. १९७८ मध्ये जीवाश्म शोधणारे जॅक हॉर्नर आणि बॉब मकेला तिथे आले तेव्हा मॅरियनबाईंनी त्यांना कॉफीच्या डब्यात ठेवलेली बारीक हाडं दाखवली. ती हॅड्रोसॉरच्या पिल्लांची होती. बाईंना ती नेमकी कुठे मिळाली ते ठाऊक होतं, म्हणून दोघांना त्या जागी जाऊन घरटं शोधता आलं. पुढच्या वर्षी त्या डायनोसॉरला मायासॉरा हे नाव मिळालं, आणि डायनोसॉर पिल्लांना घरट्यात सांभाळत असावेत हा विचार तिथून पुढे आला.

हाडं दोन्हीकडे होती. एकीकडे ती कुठून आली, कुणाकडे गेली याचा पत्ता राहिला नाही, दुसरीकडे एका दुकानदार बाईने तो लक्षात ठेवला. म्हणून माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या मुलांना मी हातोडा सगळ्यात शेवटी देते. आधी वही, पट्टी, पेन्सिल. फोनमधलं स्थान लिहून घ्यायचं. फोटो तीन काढायचे: लांबून डोंगरासकट, मधून थरासकट, जवळून पट्टीसकट. हाड कोणत्या थरात आहे, की थरातून सुटून खाली घरंगळलं आहे, हे लिहायचं. टोक कुठल्या दिशेला, तेही. हे सगळं हाडाला बोट लावण्याआधी.

याचा सराव किनाऱ्यावर करता येतो. ओहोटीला पुळणीवर सुंभाने दोन मीटरचा चौकोन आखा आणि त्यातलं प्रत्येक शिंपलं, खेकड्याचं कवच, लाकूड, दगड वहीत जिथल्या तिथे काढा. भरती येईपर्यंतच वेळ असतो, त्यामुळे हात आपोआप चलाख होतो. रत्नागिरी-राजापूरकडच्या कातळशिल्पांपाशी जाणं झालं तर तिथेही असंच रेखाटन करून बघा, शिल्पावर पाय न ठेवता आणि खडूने रेघा न मारता.

डोळा

आमच्याकडे तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढणाऱ्या एका खारवी मावशींनी मला एकदा सांगितलं, “वाळू बघू नका बाई, भोकं बघा.” तिसरी वाळूखाली असते, दिसतं ते तिचं खुणेचं भोक. मोंटानाच्या उघड्या डोंगरात मी हेच केलं. अख्खं हाड शोधत फिरलं तर दिवस वाया जातो. बघायचं ते वेगळ्या रंगाचे, वेगळ्या पोताचे तुकडे. पावसाने डोंगर झिजतो, हाड बाहेर येतं, फुटतं, तुकडे उतारावरून ओहळात येतात. म्हणून ओहळाच्या तळापासून चालायला लागा. तुकडा दिसला की वर बघा, वर चढा. तुकडे जिथे संपतात तिथेच किंवा त्याच्या जरा वर हाड थरात असतं. तुकडे मात्र जागचे उचलू नका, त्यांची रांगच वाट दाखवते. प्रत्येकाशेजारी छोटं निशाण खोवा आणि मग मागे वळून बघा, ओळ दिसते.

ऊन तिरपं असताना, सकाळी किंवा चारनंतर, पोत उठून दिसतो. दुपारी सगळं सपाट दिसतं, ती वेळ जेवणाला ठेवा.

हाड ओळखायला मटणाची नळी घ्या. उकळून, वाळवून मधोमध कापा आणि भिंगातून बघा. बाहेर घट्ट भिंत, आत जाळी, आणि घट्टाकडून जाळीकडे हळूहळू होत जाणारा बदल. जीवाश्म झालेल्या हाडातही हीच रचना राहते. आता शेजारी जांभ्याचा तुकडा ठेवा. जांभ्यालाही भोकं असतात, नवशिक्याला तो हाडच वाटतो. पण त्याची भोकं वेडीवाकडी, कुठे मोठी कुठे लहान, त्यांना बाहेर-आत असा क्रम नाही. मग बसाल्टचा भोकाळ तुकडा ठेवा. त्यातले पोकळ बुडबुडे सुटे सुटे असतात, हाडाच्या जाळीसारखे एकात एक जोडलेले नसतात. हे तिन्ही हातात घेऊन महिनाभर रोज बघितलंत तर मोंटानातले लोहखनिजाचे गोळे आणि दगड झालेलं लाकूड तुम्हाला फसवणार नाही. जीभ लावून बघायची पद्धत आहे, जाळीदार हाड जिभेला चिकटतं. चिकणमातीही चिकटते, म्हणून एकट्या त्या खुणेवर विसंबू नका.

सुरमईचा मणकाही जपून ठेवा. दोन्ही बाजूंनी खोलगट, मधे निमुळता. हॅड्रोसॉरचा मणका याहून वेगळा असतो, पण मणका म्हणजे काय आणि त्याच्या चकतीची कड कशी असते हे बोटांना त्यातून कळतं. हॅड्रोसॉरच्या शेपटीच्या मुळाकडचे मणके समोरून बघितले तर बरेचसे षटकोनी दिसतात, मानेचे पुढून गोल आणि मागून खोलगट.

हेल क्रीकमध्ये हॅड्रोसॉरच्या सगळ्यात जास्त हाती लागतात त्या गोष्टी दोन. पहिली, हाडासारख्या कडक झालेल्या स्नायूबंधांच्या काड्या. जाडी पेन्सिलीएवढी, अंगावर लांबीत बारीक रेघा. या जनावराच्या पाठीच्या कण्यावर आणि शेपटीवर अशा काड्यांची जाळी असायची, त्याने कणा ताठ राहायचा. लोक त्यांना काटक्या समजून पुढे जातात. दुसरी, दात. हॅड्रोसॉरच्या जबड्यात दात एकमेकांना चिकटून, एकाखाली एक असे रचलेले असायचे. झिजलेल्या दाताखाली नवा तयारच. एका जनावराच्या तोंडात सगळे मिळून हजारावर दात भरायचे. सुटा दात पतंगाच्या आकाराचा, मधोमध एक उभी कड, चकचकीत मुलामा एकाच बाजूला. त्याच खडकात ट्रायसेरॅटॉप्स या शिंगवाल्या डायनोसॉरचेही दात मिळतात. त्यांचं मूळ दोन फाट्यांचं असतं, हॅड्रोसॉरचं एकच. लांब हाडाच्या फुटक्या तुकड्यावरून मात्र या दोघांतला फरक सांगायला जाऊ नका. वहीत ‘मोठं जनावर, अवयव अनिश्चित’ लिहा. खोटी खात्री लिहिण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं.

हात

हाड थरात दिसलं की त्याच्यावरून खाली खणू नका, बाजूने या. वरची माती थापीने, मग आरीने. मी चांभाराची आर इथूनच नेली होती, तिच्याइतकं सोयीचं अवजार मला तिकडे दिसलं नाही. तिचं टोक हाडाच्या दिशेने कधीही धरायचं नाही, हाडाला समांतर चालवायचं. शेवटचा पापुद्रा ब्रशने आणि बारीक काडीने. हाडाला भेगा असतातच. त्यांत पातळ केलेलं पॅरालॉइड बी-७२ सोडतात. ही अॅसिटोनमध्ये विरघळणारी राळ आहे, आणि लागलं तर पुन्हा अॅसिटोनने काढता येते. फेव्हिकॉल किंवा घरातला कुठलाही डिंक लावू नका. तो आत मुरून बसतो आणि नंतर प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाला फार त्रास होतो. अॅसिटोन विमानात चालत नाही, ते तिकडेच घ्या.

हाड पूर्ण उघडं करायचं नाही. वरचा भाग आणि कडा दिसल्या की पुरे. भोवती खोल चर मारा, म्हणजे हाड मातीच्या ओट्यावर बसलेलं राहील. मग तो ओटा खालून थोडा थोडा निमुळता करा. आता प्लॅस्टर. आपल्याकडे गणपतीच्या शाळेत ज्यांनी हात घातला आहे त्यांना हे काम पटकन जमतं. गोणपाटाच्या वीतभर रुंद, हातभर लांब पट्ट्या आधीच कापून, धुऊन ठेवा. हाडावर ओल्या टिश्यू पेपरचे थर नीट चापून बसवा, म्हणजे प्लॅस्टर हाडाला धरणार नाही. हा थर घाईत राहून गेला तर प्लॅस्टर काढताना हाडाची साल निघते, म्हणून कोपरे पुन्हा तपासा. पाण्यात प्लॅस्टर टाकायचं, प्लॅस्टरमध्ये पाणी नव्हे. आंबोळीच्या पिठाइतकं दाट झालं की पट्ट्या बुडवा, निथळा, आणि एकमेकींवर चढवत लावा, आडव्या मग उभ्या. ओट्याच्या निमुळत्या भागाखाली पट्ट्या वळल्या पाहिजेत, नाहीतर उलटताना हाड खालून निसटतं. मोठं असेल तर एखादी काठी पट्ट्यांत गुंफा. प्लॅस्टर गरम होतं, मग गार आणि कडक. वाजवलं की टणटणीत आवाज यायला हवा.

उलटायच्या आधी त्यावर क्रमांक, तारीख, थराचं नाव आणि उत्तरेचा बाण लिहा. मग दोघातिघांनी मिळून, एकाच्या शब्दावर, एका दमात उलटा.

याचा सराव घरी करा. शेताच्या बांधाच्या चिकणमातीत कौलाचे तुकडे आणि वाळलेली नळी पुरा, आठवडाभर वाळू द्या, आणि दुसऱ्याने पुरलेलं तुम्ही काढा. मुलांना यात फार रस येतो. आमच्या अंगणात एक मुलगा एका नळीपाशी सबंध सकाळ बसला होता, जेवायला हाक मारली तरी उठेना. त्याच्या वहीतलं चित्र मी अजून ठेवलं आहे.

जीव सांभाळा

तिकडे उन्हाळा कोरडा असतो. कोकणात घाम निथळतो म्हणून पाणी जातंय हे कळतं, तिकडे घाम अंगावरच सुकतो आणि काही जाणवत नाही. तहान नसतानाही पाणी प्या, त्यात मीठ-साखर घाला. रोज माणशी चार लिटर तरी जवळ ठेवा. पाऊस आला तर काम बंद. तिथली माती भिजली की पाय रोवता येत नाही आणि गाडीही चिखलात बसते.

आणि साप. कातळावर वाढलेल्या माणसाला फुरशाची सवय असते: दगडाखाली हात घालायचा नाही, आधी काठी. रॅटलस्नेकसाठीही हाच नियम. फुरसं खवले घासून आवाज करतं, रॅटलस्नेक शेपटी वाजवतो, पण दोघेही प्रत्येक वेळी इशारा देतीलच असं नाही.

आणि इथे काही दिसलं तर

रत्नागिरीकडे विहीर खणताना जांभ्याखाली काळपट चिकणमाती आणि कोळसा झालेलं लाकूड लागतं. असं काही निघालं की खणणारे ते बाजूला फेकतात. थोडं थांबवा, खोली मोजा, थरांचं चित्र काढा, ओल्या लाकडाचा तुकडा ओल्या फडक्यात ठेवा. किनाऱ्यावर शिंपल्यांचा घट्ट झालेला खडक मिळतो, तो भूशास्त्राच्या मानाने अगदी अलीकडचा आहे, पण समुद्राची पातळी कशी बदलली हे त्यावरून अभ्यासता येतं. तो फोडून नेऊ नका.

देवमाशाचं किंवा डॉल्फिनचं हाड वाहून आलं तर ते जीवाश्म समजून घरी आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली ते बाळगणं गुन्हा ठरू शकतो. वन विभागाला कळवा.

बाकी कुठल्याही शंकेसाठी भूशास्त्र शिकवणाऱ्या जवळच्या महाविद्यालयाला किंवा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या पुराजीवशास्त्राच्या अभ्यासकांना फोटो पाठवता येतात. फोटोत पट्टी असू द्या, जागेचं स्थान लिहा, आणि उत्तर येईपर्यंत वस्तू जिथे आहे तिथेच राहू द्या.